जुना स्वेटर उसवताय? लोकर वाचेल, पण हिशेब कष्टाचा ठेवा



थंडी सरली की स्वेटर पेटीत जातात आणि पुढच्या वर्षी पेटी उघडावी तर पोराला ते होत नाहीत. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू या आपल्या किनारपट्टीला थंडी ती केवढी! जेमतेम दोन महिने, तीही पहाटे आणि रात्री. त्यामुळे इथला स्वेटर झिजत नाही, नुसता लहान होतो. बोईसरला एमआयडीसीच्या कामासाठी उत्तर भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांच्या घरी तर आईने, आजीने हाताने विणलेले जाडजूड स्वेटर असतात. इथल्या हवेत ते अंगावर चढतच नाहीत.

आता याच जिल्ह्याची दुसरी बाजू बघा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांत समुद्र आहे तसे डोंगरही आहेत. जव्हार-मोखाड्याला पौषात दात वाजतात. दिवाळी झाली की तिथली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, तान्ह्या बाळांसकट. भट्टीवरच्या झोपडीत रात्रीचा वारा थेट आत येतो. एकीकडे पेटीत पडलेली लोकर आणि दुसरीकडे उघडे डोके, असा हा प्रकार आहे.

मग जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणावे, हे कुणालाही सुचेल. अनेक गटांतल्या ताया विचारतात, "आम्ही हा धंदा करू का?" या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, लोकर कशी उसवायची आणि पुन्हा वापरायची. दुसरी, त्यातून पैसा नेमका कशाचा मिळतो. उत्तर आधीच सांगून टाकते: जुन्या लोकरीचा पैसा फार मिळत नाही, पैसा मिळतो तो आपल्या कामाचा. हे ध्यानात ठेवले तर गट नुकसानीत जाणार नाही.

उसवणे वेगळे, फाडणे वेगळे

लुगडे किंवा चादर मागावर विणतात. त्यात उभे आणि आडवे असे शेकडो दोरे असतात. म्हणून जुन्या लुगड्याची आपण गोधडी शिवतो, त्याचा दोरा काढत बसत नाही. स्वेटरचे तसे नाही. सुयांवर विणलेल्या तुकड्यात एकच धागा फासातून फास काढत पुढे गेलेला असतो. शेवटचे टोक सापडले की तो सगळा धागा आला तसा परत निघतो. विणताना चूक झाली की आपण चार ओळी उसवतो ना, तेच पूर्ण स्वेटरचे करायचे.

हे काम मोठ्या प्रमाणावर कुठे होते म्हणाल, तर हरियाणातल्या पानिपतला. आपल्याला पानिपत आठवते ते १७६१ च्या लढाईमुळे. आज तिथे परदेशातून जुन्या गरम कपड्यांचे गठ्ठे येतात. बायका बसून त्यांची बटणे, चेन, लेबले कापून काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रात घालून कपड्याचा पार पिंजून कापूस करतात आणि त्याचे पुन्हा सूत काततात. या सुताला शॉडी म्हणतात. ही युक्ती १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी काढली. पूर, भूकंप झाला की मदत म्हणून जी स्वस्त कांबळी वाटतात, त्यांतली पुष्कळशी अशा सुताची असतात.

पण यंत्रात फाडल्यावर लोकरीचे तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचे सूत कमजोर. आपण हाताने उसवतो तेव्हा धागा अखंड राहतो. म्हणजे आपल्या पद्धतीत लोकरीची ताकद जवळजवळ पहिल्यासारखीच असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, इंग्लंडमध्ये कपडे आणि लोकर कुपनावर मिळू लागली. तेव्हा तिथल्या बायकांनी घरोघर हेच केले. मोठ्यांचे स्वेटर उसवले आणि मुलांचे विणले.

कोणता स्वेटर घ्यायचा, कोणता नाही

दिसला स्वेटर की घेतली कात्री, असे करू नका. आधी तो उलटा करून बघा.

आतली शिवण बघा. दोन कडा सुईदोऱ्याने किंवा साखळीसारख्या टाक्याने जोडल्या असतील आणि कडेला टाके सलग दिसत असतील, तर हा स्वेटर घ्या. पण ब्लाउजला आत करतो तसे ओव्हरलॉक दिसले तर ठेवून द्या. असा स्वेटर मोठ्या विणलेल्या कापडातून कापलेला असतो. प्रत्येक ओळ कडेला कापली गेलेली असल्यामुळे हातात हातभर लांबीचे तुकडेच येतात. बाजारातले बरेच स्वस्त स्वेटर असेच असतात. त्यांची उशी भरा, पायपुसणे करा, पण उसवायला बसू नका.

टाके वेगळे दिसतात का बघा. गरम पाण्यात धुऊन धुऊन घोंगडीसारखा घट्ट झालेला खऱ्या लोकरीचा स्वेटर उसवत नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंतून बसलेले असतात. वर केसाळ फुलवलेली लोकरही अडकत, तुटत निघते.

उजेडात धरून बघा. कसरीने खाल्लेली भोके, कोपराला विरलेली जागा दिसते. एखादे भोक चालेल. चाळणी झाली असेल तर गाठीच गाठी होतील.

लोकर खरी की ॲक्रिलिक?

बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसते. ती ॲक्रिलिक असते, म्हणजे कारखान्यात केलेला धागा. दोन्हीची धुण्याची रीत वेगळी आणि धोकेही वेगळे, म्हणून ओळखून घ्या.

बोटभर धागा कापा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा. पदर खोचून घ्या, मुलांना लांब ठेवा. मग धाग्याच्या टोकाला काडी लावा. खरी लोकर कशीबशी जळते, काडी बाजूला घेतली की बहुधा विझते. तिचा वास केस जळल्यासारखा येतो आणि राख बोटाने चुरली जाते. ॲक्रिलिक पटकन पेटते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याची काळी कडक गोळी होते. सुती धागा कागदासारखा जळतो. धागा मिश्र असेल तर राखही येते आणि कडक खडेही लागतात. अशा लोकरीला ॲक्रिलिकच समजा.

ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ॲक्रिलिक पेटले तर वितळून कातडीला चिकटते. ज्या घरात मूल चुलीजवळ खेळते, भट्टीवर शेकोटीपाशी बसते, तिथे अंगात ॲक्रिलिकचा सैल, लोंबता स्वेटर नको. खऱ्या लोकरीचे काही सापडले तर ते अशा मुलांसाठी राखून ठेवा.

उसवायची रीत

१. बटणे, चेन, लेबल आधी काढा. बटणे टाकू नका, डबीत ठेवा.

२. शिवण उसवा. ब्लाउजची शिवण उसवतो तशी बारीक टोकाच्या कात्रीने फक्त शिवणीचा दोरा कापायचा. घाईत विणीचा धागा कापला गेला तर तिथे एक गाठ वाढली. साखळीची शिवण असेल तर एका बाजूचे टोक सापडेपर्यंत धीर धरा. पोत्याच्या तोंडाची शिवण सुटते तशी ती सरकन सुटते.

३. मागचा भाग, पुढचा भाग, दोन बाह्या, गळपट्टी असे तुकडे वेगळे झाले की प्रत्येक तुकडा जिथे विणून संपवला तिथून सुरुवात करा. आपण स्वेटर बहुधा खालच्या काठापासून वर विणतो. म्हणून उसवायचे वरून, म्हणजे गळ्याकडून, खांद्याकडून. खालून ओढाल तर प्रत्येक टाक्याला अडेल.

४. निघेल तसा धागा गुंडाळत चला, ढीग करू नका. गुंता सोडवण्यात उसवण्याइतकाच वेळ जातो. पाट, खुर्चीची पाठ किंवा समोर बसलेल्या मुलीचे दोन हात चालतील. त्यावर धागा फिरवून लडी करा. एका फेऱ्याची लांबी मोजून ठेवलीत तर फेरे मोजून लोकर किती मीटर आहे तेही कळते. एक फेरा एक मीटरचा असेल तर शंभर फेऱ्यांची लडी म्हणजे शंभर मीटर.

५. लडी काढण्यापूर्वी तिला चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा. दोरा लडीच्या मधून आठच्या आकड्यासारखा फिरवा, म्हणजे धुताना धागे एकमेकांत जाणार नाहीत.

धुणे आणि सरळ करणे

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी दिसते. वर्षानुवर्षे ती फासाच्या आकारात बसलेली असते. तशीच विणलीत तर एक टाका मोठा, एक लहान येतो आणि पहिल्या धुण्यात कपड्याचे माप बदलते. म्हणून ही पायरी गाळू नका.

खऱ्या लोकरीची लडी साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी घालून अर्धा तास बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका, गरम पाणी नको. नाहीतर तिची घोंगडी होईल. दोन पाण्यांतून काढा, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत टांगा. खाली एक रिकामा हँगर किंवा चमचा अडकवला की हलक्या वजनाने धागा सरळ होतो. विटेसारखे जड काही बांधू नका, ताणलेल्या लोकरीची लवचिकता जाते.

ॲक्रिलिक कोमट पाण्यात धुतले तरी चालते, पण ते खऱ्या लोकरीइतके सरळ होत नाही. थोडे कुरळेपण राहिले तर राहू द्या. इस्त्री मात्र फिरवू नका, उकळत्या पाण्यात घालू नका. जास्त उष्णतेने ॲक्रिलिक लुळे पडते, मग त्याचा काठ कधी घट्ट बसत नाही.

दुसऱ्यांकडून आलेले कपडे असतील तर एक काळजी घ्या. खरजेची लागण कपड्यांतून होऊ शकते. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. म्हणून आलेले स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे आणि मगच हात लावायचा.

लडी कडकडीत वाळली की सैल गुंडा करा. दोन बोटे आत ठेवून त्यांवरून गुंडाळा आणि मग बोटे काढून घ्या. तुटलेली टोके विणकरी गाठीने जोडा. गाठ नेहमी कडेला, शिवणीत येईल असे बघा. खरी लोकर असेल तर आणखी एक सोय आहे: दोन टोके थोडी पिंजून, एकमेकांवर ठेवून, ओली करून तळहातांत जोरात चोळा. गाठीशिवाय जोड बसतो. ॲक्रिलिकला ही युक्ती चालत नाही.

माप आधी, विणणे नंतर

नव्या गुंड्यावर कागद असतो, जुन्या लोकरीवर नसतो. म्हणून आधी वजन करा. किराणा दुकानातला काटाही चालेल. नंतर नमुना विणा.

सुयांचा नंबर उलटा चालतो, हे नव्या मुलींना सांगा: नंबर मोठा तशी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर आणि १२ नंबरची पावणेतीन मिलिमीटर. बाळाच्या कपड्याला साधारण १० नंबरपासून सुरुवात करा.

२० टाके घालून २०-२५ ओळी विणा आणि रुंदी मोजा. समजा, ती ८ सेंटिमीटर आली. म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच टाके. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. टोपी थोडी ताणून बसायला हवी, म्हणून ३२ सेंटिमीटर धरू. ३२ गुणिले अडीच, म्हणजे ८० टाके. काठ एक सुलट एक उलट असा विणलात तर टोपी डोक्याला धरून राहते. कमी वजनाच्या बाळाचे डोके लहान असते, तेव्हा माप घेऊनच टाके घाला.

लोकर पुरेल का याचा अंदाज एका टोपीवरून बांधा. टोपी विणून झाली की तिचे वजन करा. त्यावरून उरलेल्या लोकरीत काय काय बसते ते कळते. कमी पडली तर दुसरा रंग काठाला किंवा बाह्यांना घ्या. मात्र दोन्ही धागे सारख्याच जाडीचे आणि सारख्याच जातीचे घ्या. खरी लोकर आणि ॲक्रिलिक एका कपड्यात आले की धुतल्यावर एक भाग आक्रसतो, दुसरा नाही.

बाळासाठी विणताना

आपल्याकडे बाळंतविडा देण्याची पद्धत जुनी आहे. टोपडे, झबले, मोजे, दुपटे. गटाने मिळून तो विणला तर दशसूत्रीतल्या आरोग्याच्या सूत्राला खरा अर्थ येतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवायला सांगतात, ती कांगारू पद्धत तुम्ही ऐकली असेल. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये ती सुरू झाली. तेव्हा बाळाच्या अंगावर काय असते? डोक्यावर टोपी, पायांत मोजे आणि लंगोट, बस्स. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, तिथून ऊब निघून जाते. म्हणून छोट्याशा टोपीचे काम मोठे.

पण या कपड्यांना काही नियम पाळायलाच हवेत.

मोजे आणि हातमोज्यांच्या आत एकही सुटा धागा नको. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडते, बोट सुजते आणि बाळ का रडते ते कळत नाही. जुन्या लोकरीत जोड जास्त, म्हणून हा धोकाही जास्त. मोज्यांसाठी अखंड निघालेला धागाच वापरा, जोडाचा धागा दुपट्याला घ्या. मोजे देण्याआधी उलटे करून बोट फिरवून बघा. घालण्यापूर्वी आईनेही रोज तसेच बघावे.

जाळीची वीण नको, बोटे अडकतात. गळ्याशी बांधायचे लांब बंद नकोत. लोकरीचे गोंडे, मणी, मोती, बटणे नकोत, सुटले तर तोंडात जातात. टोपडे बंदांचे असते खरे, पण ताणून बसणारी कानटोपी जास्त सुरक्षित.

आणि वैशाखात किनाऱ्यावरच्या धडधाकट बाळाला लोकरीत गुंडाळू नका. बाळाला उष्णताही बाधते. टोपी केव्हा घालायची, केव्हा काढायची हे आशाताईंना विचारा. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी ४२ दिवसांत त्या सहा वेळा घरी येतात. बाळंतविडाही त्यांच्या हातूनच दिला तर तो गरज असलेल्या घरी पोचेल.

आता हिशेब

आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, एका स्वेटरमधून १५० ग्रॅम चांगली लोकर निघाली. बाजारात तेवढ्या नव्या ॲक्रिलिकला १२० रुपये पडतात असे धरू. शिवण काढणे, उसवणे, लडी, धुणे, गुंडा या सगळ्याला मिळून चार तास गेले. म्हणजे एका तासाला वाचले ३० रुपये, आणि तेही विणायला अजून सुरुवात व्हायची आहे! रोपणीची किंवा दुसरी मजुरी हाताशी असेल त्या दिवशी उसवायला बसणे परवडणार नाही. दुपारच्या रिकाम्या वेळेत, गप्पा मारता मारता केले तर ते १२० रुपये घरात राहिले. खरी लोकर असेल तर गणित बदलते, कारण ती नवी घ्यायला कितीतरी महाग असते.

पुढचा प्रश्न विक्रीचा. जुन्या लोकरीचा लहान मुलाचा स्वेटर विणायला समजा १५ तास लागले. तासाला ४० रुपये धरले तर विणकामाचे ६०० आणि उसवण्या-धुण्याचे १६०, एकूण ७६० रुपये झाले. बाजारात यंत्रावरचा स्वेटर याच्या निम्म्याने मिळू शकतो. मग आपला कोण घेईल? भाव पाडून विकलात तर लोकर फुकट मिळाली असे वाटेल, पण फुकट गेलेली असेल तुमची मेहनत. कित्येक गट इथेच फसतात. कच्चा माल फुकटचा म्हणून हिशेबच मांडत नाहीत.

म्हणून लोकर विकण्याऐवजी काम विका. बोईसरच्या कुटुंबाकडे आजीने विणलेला स्वेटर पडून आहे. त्यांना तो टाकवत नाही आणि घालवतही नाही. त्यांना सांगा, "तुमचा स्वेटर द्या, त्यातून तुमच्या मुलाचा करून देतो." इथे गटाला माल विकत घ्यायचा नाही, भांडवल अडकत नाही, माल पडून राहत नाही. आणि गिऱ्हाईक भावाची तुलना बाजारातल्या स्वेटरशी करत नाही, कारण आजीच्या हातची लोकर बाजारात मिळत नाही. उत्तरेकडे गावी जायच्या आधी, दिवाळी-छटच्या सुमारास, अशा कामाला विचारणा होऊ शकते.

अशा कामाचे नियम पहिल्या दिवशीच ठरवा. स्वेटर घेताना गिऱ्हाइकासमोर वजन करून वहीत लिहा. काम देताना कपडा आणि उरलेली लोकर दोन्हींचे वजन दाखवा. थोडी तूट येतेच, तुटलेले तुकडे जातात, तेही आधी सांगा. उसवण्या-धुण्याची मजुरी वेगळी आणि विणण्याची वेगळी लिहा. उसवताना लोकर कमजोर निघाली आणि काम थांबवावे लागले तरी पहिली मजुरी मिळायला हवी. अर्धे पैसे आगाऊ घ्या. उसवलेला स्वेटर परत तसाच होत नाही, म्हणून "उसवू ना?" हे दोनदा विचारा.

दुसरा मार्ग रंगीबेरंगी वस्तूंचा. थोडी थोडी उरलेली लोकर क्रोशाच्या चौकोनांत चांगली खपते. चौकोन जोडून पांघरूण, दाराचे तोरण, पिशवी, आसन असे काही करता येते. यात रंग जुळले नाहीत तरी बिघडत नाही, उलट शोभा येते. प्रदर्शनात, महालक्ष्मी सरससारख्या ठिकाणी वस्तू मांडाल तेव्हा चिठ्ठी लावा: "जुनी लोकर धुऊन, पुन्हा वापरून केलेली वस्तू". लपवायचे काही नाही. जुनी लोकर नवी म्हणून विकली आणि ते कळले, तर त्या एका वस्तूपायी गटाचे नाव जाते.

आणि बाळंतविडा? माझे मत विचाराल तर तो विकू नका, द्या. वर्षाला गटाने चार-पाच जरी दिले तरी ते कुणाच्या तरी डोक्यावर थंडीत असतील.

कोणत्या महिन्यात काय

आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन बेत आखा. पावसाळ्यात लडी वाळत नाही, कुबट वास येतो, बुरशी धरते. म्हणून स्वेटर गोळा करणे फाल्गुन-चैत्रात, उसवणे आणि धुणे मे महिना संपायच्या आत. गुंडे कोरड्या डब्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. कसर खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिकला नाही. रोपणी आटोपली की श्रावण-भाद्रपदाच्या दुपारी विणायला घ्या. दिवाळीच्या आधी कपडे धुऊन, वाळवून तयार हवेत, कारण भट्टीवर जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर थांबत नाहीत. ती गेली की टोपी पेटीतच राहील.

पुढच्या बैठकीत एवढे करा

प्रत्येकीने घरातला एक न होणारा स्वेटर आणायचा. सगळ्या मिळून शिवण तपासा आणि उसवण्याजोगे वेगळे काढा. एकच स्वेटर आधी उसवा. कितीला सुरुवात केली, किती वाजता संपले, किती ग्रॅम लोकर निघाली हे वहीत लिहा. आपल्या गटात विणणाऱ्या किती, वेळ कुणाला आहे, हे नोंदवा. आशाताईंना बोलावून येत्या थंडीच्या आत कोणत्या घरी बाळंतपण आहे ते विचारा. पहिली टोपी त्या घरासाठी विणा. धंद्याचा निर्णय त्या एका स्वेटरचा हिशेब वहीत आल्यावर, सगळ्यांनी मिळून घ्या.